साखरेची गोळी आणि आतड्याचा बांध

गेल्या रब्बी हंगामात माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात हरभऱ्याची शेतीशाळा चालू होती. घाटेअळीसाठी कामगंध सापळे कसे लावायचे हे दाखवून झाले आणि बांधावरच चहा आला. साठी ओलांडलेले एक शेतकरी, सगळे गाव त्यांना अण्णा म्हणते, चहाला नको म्हणाले. "शुगर निघालीय, साहेब." मी सहज विचारले, "मग गोळ्या चालू असतील?" तर म्हणाले, "सोडल्या. त्या गोळीनं पोट पार ढिलं पडलं. दिवसातनं चार-चार येळा परसाकडं पळायचं. एकानं सांगितलं, ती गोळी आतडी जाळती. मंग म्हटलं, साखर परवडली, पण आतडी जळायला नकोत."

सगळे हसले. मीही हसलो आणि मोटारसायकलला किक मारून पुढच्या गावाला गेलो.

उन्हाळ्यात अण्णांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पायाला बधिरपणा होताच, त्यामुळे दोन दिवस काटा मोडल्याचे कळलेसुद्धा नाही. जखम चिघळली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत एक बोट काळे पडले होते. ते काढावे लागले. गोळी सोडली म्हणूनच बोट गेले असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मधल्या काळात साखर वाढत गेली आणि ती कुणी तपासलीही नाही, हे खरे. भेटायला गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "साहेब, हरभऱ्यावर अळी दिसली की तुम्ही धावत येता. मी गोळी सोडली म्हटलं, तवा काय बोलला न्हाईत."

त्यांचे बरोबर होते. तेव्हा मला त्यावर बोलण्यासारखे काही ठाऊकच नव्हते. मी काही डॉक्टर नाही. कृषी पदविका घेऊन विस्ताराचे काम करणारा माणूस. पण ही गोळी आतडी जाळते की काय, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. डॉक्टरांकडे बसून, पशुवैद्यक मित्राला विचारून आणि जमेल तेवढे वाचून जे समजले ते आज शेतकरी बंधू-भगिनींपुढे ठेवत आहे. आपल्या गावातही हा प्रश्न लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचे दिसले. ग्रामीण भागात वीस वर्षांवरच्या शंभर माणसांत जवळपास नऊ जणांना.

गोळीचे मूळ चाऱ्यात

मधुमेहावर बहुतेकांना पहिल्यांदा जी गोळी देतात तिचे नाव मेटफॉर्मिन. कंपनीप्रमाणे पाकिटावरचे नाव वेगळे असते, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरात हेच नाव असते. पुष्कळदा तिच्यात ग्लिमेपिराइडसारखे दुसरे औषधही मिसळलेले असते.

या गोळीची वंशावळ शेतकऱ्याला आवडेल अशी आहे. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची एक शेंगवर्गीय वनस्पती होते. आपल्या हरभरा-तुरीच्या कुळातलीच. जुन्या काळी तिकडचे लोक ती औषधात वापरीत आणि दुभत्या जनावराचे दूध वाढते अशीही तिची ख्याती होती. १८९१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात ती चाऱ्याचे पीक म्हणून आणली गेली. पण जनावरे ती नीट खाईनात, खाल्लेल्या मेंढ्या दगावू लागल्या आणि वनस्पती मात्र पाटाकडेने, ओलाव्याच्या जमिनीत फोफावली. आपल्याकडे गाजरगवताने जसा उच्छाद मांडला तसाच हा प्रकार. आज अमेरिकेत तिची नोंद घातक तण म्हणून आहे.

तिच्यातले जे द्रव्य मेंढीला मारते, त्याच्याच कुळातल्या रसायनांनी रक्तातली साखर उतरते हे पुढे लक्षात आले. १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल या रसायनशास्त्रज्ञांनी मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार केले. हे द्रव्य त्या मानाने सौम्य निघाले. पण पॅरिसमध्ये डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना देऊन १९५७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तोवर पस्तीस वर्षे ते पडूनच होते. अमेरिकेने १९९४ च्या अखेरीस त्याला मंजुरी दिली. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. वजन जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये नुसत्या पथ्यापेक्षा या औषधाने हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी झाले होते. थोडक्यात, गोळी नवखी नाही. स्वस्त आहे, जुनी आहे, पारखलेली आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. वनस्पतीतून निघाले म्हणून कुणी त्या झाडाचा पाला, चूर्ण वा काढा विकत असेल तर घेऊ नका. मेंढ्या मेल्या त्या पाल्यानेच.

आतडे म्हणजे नुसती नळी नव्हे

आता आतड्याकडे येऊ. आपल्याला वाटते, आतडे म्हणजे अन्न वाहून नेणारा पाइप. तसे नाही. लहान आतड्याची आतली बाजू घड्यांनी आणि मखमलीसारख्या बारीक केसरांनी भरलेली असते. ती सगळी पसरली तर सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे साधारण गुंठ्याचा तिसरा हिस्सा भरेल. एवढ्या क्षेत्रावर आतल्या बाजूला पेशींचा फक्त एक थर असतो. एकच. आणि तोही दर चार-पाच दिवसांनी नवा होतो.

या थराचे काम आपल्या बांधासारखे आहे. चांगला बांध काय करतो? पाणी मुरू देतो, पण माती अडवून धरतो. आतड्याची भिंतही अन्नरस आत घेते, पण आतड्यातले अब्जावधी जंतू आणि त्यांचे विषारी तुकडे बाहेरच्या बाहेर ठेवते. दोन पेशींमधल्या फटी काही प्रथिने घट्ट आवळून धरतात. दगडी बांधकामात गवंडी दरजा भरतो, तसे. त्यावर चिकट बुळबुळीत थर असतो, त्याला श्लेष्म म्हणतात. हा थर जंतूंना भिंतीपासून दूर ठेवतो.

दरजा ढिल्या झाल्या किंवा श्लेष्म पातळ झाला, की जंतूंचे तुकडे रक्तात झिरपू लागतात. शरीर त्यांना शत्रू समजून लढायला उठते. आतल्या आत मंद दाह धुमसत राहतो. मोठा ताप नाही, कळ नाही. पण या दाहाने इन्सुलिनचे काम बिघडते आणि साखर आणखी वाढते. २००७ साली फ्रान्स आणि बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर हे दाखवून दिले. चरबीयुक्त खुराक दिलेल्या उंदरांच्या रक्तात जंतूंचे विष वाढले होते आणि त्यामागोमाग मधुमेहाची लक्षणेही आली होती.

गाईच्या पोटातला दाखला

हे ऐकून कुणाला वाटेल, शहरातल्या लोकांचे नवे फॅड आहे. पण दूध धंदा करणाऱ्याने हे डोळ्यांनी पाहिलेले असते. लग्नातला उरलेला भात, पोळ्या, बुंदी गाईला भरपूर घातली की काय होते? गाय चारा सोडते, रवंथ थांबते, शेण पातळ होते. पशुवैद्यक सांगतात, आम्लधर्मीय अपचन झाले. कोठीपोटात एकदम पिठूळ, गोड पदार्थ गेल्याने आम्ल वाढते आणि पोटाच्या आतल्या अस्तराला इजा होते. त्यातून जंतू आणि त्यांचे विष रक्तात उतरते. काही जनावरांच्या यकृतात गळवे होतात, काहींच्या खुरात सूज येऊन ती लंगडतात.

बिघाड पोटात आणि लंगडते पायाने! माझ्या पशुवैद्यक मित्राने हे सांगितले तेव्हा मला अण्णांचा पाय आठवला. माणसाचे पोट गाईसारखे नाही आणि मधुमेहात पाय बिघडतो तो मुख्यतः नसा आणि रक्तवाहिन्यांमुळे, हे खरे. पण पोटाच्या आतली भिंत बिघडली तर तिचे परिणाम लांबच्या अवयवावर दिसतात, ही गोष्ट गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला पुस्तक न वाचताही समजते.

साखरच बांध फोडते

आता मुद्द्याची गोष्ट. अण्णा म्हणाले होते, साखर परवडली पण आतडी नको जाळायला. संशोधन नेमके उलटे सांगते. २०१८ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की रक्तात वाढलेली साखरच आतड्याच्या भिंतीच्या दरजा ढिल्या करते. प्रयोग उंदरांवर होता. साखर वाढली की भिंत गळू लागली, साखर आटोक्यात आणली की पुन्हा सावरली. माणसांची तपासणी केली तेव्हा ज्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त, त्यांच्या रक्तात जंतूंचे अंश जास्त असेही आढळले.

म्हणजे गोळी सोडून साखर वाढू दिली, तर आतडी वाचत नाहीत. उलट बांधाला भगदाड पडायला आपणच मदत करतो.

गोळी आतड्यात काय करते

मेटफॉर्मिन यकृतावर काम करते हे डॉक्टर पूर्वीपासून सांगत आले आहेत. यकृतातून रक्तात जी साखर सुटते ती हे औषध कमी करते. पण आपण गिळतो त्या गोळीचा साधारण निम्मा भागच रक्तात जातो. बाकीचा आतड्यात राहतो. आतड्याच्या भिंतीत या औषधाचे प्रमाण रक्ताच्या ३० ते ३०० पट असते. २०१६ साली तर असाही प्रयोग झाला, की गोळीवर असे आवरण चढवले की ती आतड्याच्या खालच्या भागात जाऊनच विरघळावी. रक्तात औषध कमी उतरले, तरी साखर उतरलीच. आतड्यातही या गोळीचे मोठे काम चालते, हे त्यावरून पक्के झाले.

ते काम कोणते? एक तर जंतूंची वस्ती बदलते. जमिनीत जसे उपयोगी जिवाणू असतात तसे आतड्यातही असतात. त्यातल्या एकाचे नाव अकरमान्सिया. हॉलंडमधल्या वागेनिंगन कृषी विद्यापीठात २००४ साली त्याचा शोध लागला. हा जिवाणू श्लेष्माच्या थरातच राहतो, तोच खातो आणि गंमत म्हणजे त्यामुळे शरीर नवा श्लेष्म तयार करायला लागते. गवताची कापणी केली की नवे फुटवे येतात, तसे समजा. २०१४ साली कोरियातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना मेटफॉर्मिन दिले, तेव्हा हा जिवाणू वाढला आणि श्लेष्म तयार करणाऱ्या पेशीही वाढल्या.

माणसांवर २०१७ साली स्वीडन आणि स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी नीट बेतलेला प्रयोग केला. नव्याने मधुमेह निघालेल्या ४० जणांपैकी २२ जणांना मेटफॉर्मिन आणि १८ जणांना औषध नसलेली गोळी चार महिने दिली. औषध घेणाऱ्यांच्या आतड्यातल्या जंतूंची वस्ती स्पष्टपणे बदलली. त्यांची विष्ठा जंतूविरहित उंदरांच्या पोटात सोडली, तर त्या उंदरांचे शरीर साखर जास्त चांगली हाताळू लागले. नुसत्या जंतूंच्या बदलाने!

दुसरे असे, की पेशीत इंधन किती शिल्लक आहे हे ओळखणारी एक यंत्रणा असते. मेटफॉर्मिन ती जागी करते आणि ती जागी झाली की पेशींमधल्या दरजा घट्ट व्हायला मदत होते, असे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत दिसले आहे.

पण इथे शेतकऱ्याने सावध राहायला हवे. प्रयोगशाळेतल्या कुंडीत आलेले उत्पन्न आपल्या रानात येईलच असे नसते, हे आपण बियाण्याच्या जाहिराती वाचून शिकलो आहोत. भिंत घट्ट झाल्याचा बराचसा पुरावा उंदरांचा आणि काचपात्रातल्या पेशींचा आहे. माणसाच्या आतड्याची भिंत मोजून केलेले अभ्यास थोडे आहेत. तेव्हा मेटफॉर्मिन हे आतडे दुरुस्त करायचे औषध म्हणून कुणी घेऊ नये. ते मधुमेहाचे औषध आहे. एवढे मात्र म्हणता येते, की ते आतडी जाळते या म्हणण्याला आधार नाही.

मग पोट का बिघडते?

अण्णा खोटे बोलत नव्हते. ही गोळी सुरू केल्यावर दहांतल्या दोन-तीन जणांचे पोट बिघडते. मळमळ, पोटात गुडगुड, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. आतड्यात एवढे औषध साठते, जंतूंची उलथापालथ होते, पित्ताच्या आम्लांचे शोषण बदलते. त्याचा हा परिणाम. बहुतेकांना काही आठवड्यांत सवय होते. अजिबात सोसत नाही असे शंभरात पाचेक जण असतात आणि त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे दुसरी औषधे आहेत.

आपण जनावराचा खुराक बदलतो तेव्हा काय करतो? कडब्यावरून एकदम सरकी पेंडेवर आणत नाही. मूठ-मूठ वाढवत दोन आठवडे घेतो. इथेही तोच नियम. डॉक्टर सहसा कमी मात्रेने सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवतात. पण एकाच भेटीत चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्या घेतो, तेही पहाटे उपाशीपोटी, पाणी धरायला जाताना. मग पोट बिघडणारच.

म्हणून या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

गोळी जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घ्यावी. भाकरीचे दोन घास तरी आधी पोटात हवेत.

पोट बिघडले तर गोळी मनाने सोडू नये. डॉक्टरांना तसे सांगावे. ते मात्रा कमी करतील किंवा सावकाश विरघळणारी गोळी देतील. साध्या युरियात आणि निमकोटेड युरियात जो फरक, तोच या दोन गोळ्यांत. औषध हळूहळू सुटते, पोटाला झटका बसत नाही.

सावकाश विरघळणारी गोळी फोडू नये, चावू नये. कधी कधी तिचे रिकामे कवच शौचातून पडलेले दिसते. गोळी पचलीच नाही असे समजून घाबरू नये. औषध सुटलेले असते, पडते ते टरफल.

गोळीत ग्लिमेपिराइड मिसळलेले असेल, तर ती घेऊन उपाशी शेतात जाऊ नये. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही, पण दुसऱ्या औषधाने जाते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यापुढे अंधारी आली तर लगेच साखर किंवा गूळ खावा.

आईच्या पायाच्या मुंग्या

नाण्याची दुसरी बाजू मी आमच्याच घरात पाहिली. माझी आई माळकरी. अंडे-मटण घरात शिजत नाही. ती आठ वर्षे ही गोळी न चुकता घेत होती. पोटाची तक्रार कधी केली नाही. गेल्या वर्षी मात्र तिच्या तळपायाला मुंग्या येऊ लागल्या, दम लागू लागला. आम्ही म्हणालो, मधुमेहाने नसा कमजोर झाल्या, वयही झाले. तपासणीत निघाले ते वेगळेच. शरीरात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी झाले होते.

हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात शोषले जाते आणि मेटफॉर्मिन तिथे थोडी आडकाठी करते. शरीरात याचा साठा काही वर्षे पुरेल एवढा असतो, म्हणून कमतरता लगेच दिसत नाही. पाच-सात वर्षांनी वर येते. शिवाय ब-१२ मिळते ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच. भाजी-भाकरीत ते नसते. ज्या घरात मांसाहार नाही आणि दूधही सगळे डेअरीला जाते, तिथे धोका दुप्पट. आईला आधी इंजेक्शने आणि मग गोळ्या दिल्या. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण बऱ्याच उतरल्या. मेटफॉर्मिन बंद करावी लागली नाही.

ज्यांची गोळी चार-पाच वर्षांपासून चालू आहे त्यांनी ब-१२ तपासण्याविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे. शाकाहारी असाल तर जरूरच.

गोळी थांबवायची वेळ

गोळी मनाने सोडू नये म्हटले, त्याला अपवाद आहे आणि तो जिवाशी संबंधित आहे. हे औषध शरीरात मोडत नाही; जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. मूत्रपिंड बंद पडायला आले तर औषध साचते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढते. असे क्वचित होते, पण झाले तर जीव जाऊ शकतो. म्हणून मूत्रपिंडाचे काम फार कमी झालेल्यांना ही गोळी देत नाहीत, आणि वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिनची तपासणी करायला सांगतात.

आपल्याकडे धोका उन्हाळ्यात. उलट्या-जुलाब लागले, उन्हाचा तडाखा बसला, लघवी कमी झाली, खाणे-पिणे थांबले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. ते बरे होईपर्यंत गोळी थांबवायला सांगतात. सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध सोडणार असतील तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगावे. आणि दारू. भरपूर दारू आणि ही गोळी यांचे जमत नाही. हे लिहायला संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे.

जंतूंना चारा द्या

पाचट जाळू नका, कुट्टी करून जमिनीत मुरवा, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. जमिनीतल्या जिवाणूंना सेंद्रिय पदार्थ मिळाले तर जमीन भुसभुशीत राहते. आतड्याचेही तसेच आहे. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातल्या जंतूंचा चारा असतो. तो खाऊन ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. चोथा मिळाला नाही, तर? २०१६ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात चोथा बंद केल्यावर जंतूंनी श्लेष्माचा थरच खायला सुरुवात केली. दावणीला चारा नसला की गुरे कुंपण तोडतात, त्यातलाच प्रकार.

हा चोथा आपल्या रानात आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट हरभरा, मटकी, हुलगा, शेवग्याची शेंग, मेथी, गवार, काकडी. भाकरीनेही साखर वाढते, म्हणून ती बेताची आणि उसळ-भाजी जास्त. ज्वारी विकून मैद्याचे बिस्कीट-पाव घरात आणायचे आणि मग गोळी वाढवत जायची, हा व्यवहार तोट्याचा आहे.

गावाने काय करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आशाताईंना एक विनंती आहे. उपकेंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरच्या लोकांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण गोळ्या घेऊन गेलेला माणूस त्या खातो का, हे विचारणारे कुणी नसते. ग्रामसभेत पीककर्ज, पाणीपट्टी, घरकुल या विषयांबरोबर वर्षातून एकदा पाच मिनिटे एवढेच विचारावे: साखरेची गोळी कुणी सोडली आहे का, आणि का सोडली? समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना त्या दिवशी बोलवावे. पायांची तपासणी त्याच दिवशी उरकता येते. अनवाणी पाणी धरणाऱ्या माणसाला बधिर पायाची जोखीम काय असते, ते वेगळे सांगायला नको.

अण्णांना आता सावकाश विरघळणारी गोळी दिली आहे. रात्रीच्या जेवणानंतर घेतात. पोटाची तक्रार नाही. परवा खरीपपूर्व बैठकीला काठी टेकत आले होते. बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासायची हे मी सांगत होतो. माझे बोलणे झाल्यावर अण्णा उठले आणि आपला पाय पुढे करून सगळ्यांना दाखवला. "साहेबांनी बियाणं तपासायला सांगितलं, ते तपासा," म्हणाले. "आन् गोळीनं पोट बिघडलं तर डॉक्टरला सांगा. माझ्यासारखं गप बसून सोडू नका."

त्या दिवशी बैठक संपल्यावर तिघांनी मला बाजूला घेतले. तिघांनीही गोळी सोडली होती. या वेळी मी किक मारून पुढच्या गावाला गेलो नाही. तिघांना बरोबर घेऊन उपकेंद्रात गेलो.

शेतकरी बंधूंनो, आपल्या घरात कुणाची गोळी फडताळात पडून असेल, तर आज विचारा. बांध फुटल्यावर माती आणून टाकण्यापेक्षा दरज ढिली असतानाच बुजवलेली बरी.